बिनपोटाचा बंदूकवाला

दोस्तांनो, माल काय आहे तो आधी बघा. पडद्याच्या खालच्या कडेतून दोन हात वर येतात. हातात बंदूक. हातांच्या मागं कोण आहे ते दिसत नाही. तोंड नाही, छाती नाही, आणि मुख्य म्हणजे पोट नाही. हा गडी दिवसभर पळतो, उड्या मारतो, दोनशे-तीनशे माणसं लोळवतो, पण त्याला एकदाही भूक लागत नाही. तो कामाला जात नाही. त्याला मुकादम नाही, त्याच्या डोक्यावर उचल नाही, त्याची आई आजारी नाही. त्याला फक्त बंदूक आहे. आणि ह्या बिनपोटाच्या माणसाला इंग्रजीत नाव काय दिलंय, तर ‘फर्स्ट पर्सन’. शाळेत आपण शिकलो तो प्रथमपुरुष. म्हणजे ‘मी’.

मी म्हणतो, ही थाप आहे. हा ‘मी’ माझा नाही, तुझा नाही. तो दुसऱ्यानं बनवलेला, दुसऱ्याच्या नफ्यासाठी राबणारा, दुसऱ्यानं दाखवलेल्या माणसावर गोळी झाडणारा भाडोत्री ‘मी’ आहे. आपली पोरं रात्र रात्र त्याच्या कातड्यात शिरून बसतात. म्हणून त्याच्यावर लिहायचं. आज मला हे कवितेपेक्षा निकडीचं वाटतं.

०

आधी ह्या मालाची कुळकथा ऐका.

ह्या खेळांतही दोन वर्ग आहेत, जसे माणसांत आहेत. एक शेकडो कोटी ओतून काढलेले. ते चालवायचं यंत्र आपल्या बापाच्या वर्षाच्या कमाईत येत नाही. दुसरा वर्ग स्वस्तातला. गोष्ट दोन ओळींची, रक्त बादलीभर, आवाज लग्नाच्या बँडसारखा. आपल्या वाट्याला आला तो हा दुसरा.

१९९३ च्या डिसेंबरात अमेरिकेत टेक्सासमधल्या ‘आयडी सॉफ्टवेअर’ नावाच्या लहानशा टोळक्यानं ‘डूम’ काढला. मंगळाच्या चंद्रावर नरकाचं दार उघडलंय, राक्षस सुटलेत, एकटा शिपाई सगळ्यांना फाडत निघालाय. संपली गोष्ट. पहिला भाग फुकट वाटला, पुढचे पैसे टाकून घ्या म्हणाले. आधी चव लावायची, मग दुकान दाखवायचं. त्या शिपायाकडं पिस्तूल, शॉटगन, चेनगन, रॉकेट लाँचर, प्लाझ्मा रायफल आणि वर झाडं कापायची यांत्रिक करवत. हे सगळं एकाच वेळी अंगावर, तरी घोड्यागत पळतो. गोळ्या लागून अर्धमेला झाला की जमिनीवर पडलेल्या दवापाण्याच्या पेटीवर पाय ठेवायचा, पंचवीस टक्के जीव जागेवर परत. ना केसपेपर, ना रांग, ना ‘सोलापूरला हलवा’ म्हणणारा डॉक्टर.

मग आपल्याकडं आला ‘आयजीआय’. २००० साली नॉर्वेतल्या इनरलूप कंपनीनं केलेला. धाराशिव काय, तुळजापूर काय, एसटी स्टँडच्या आसपास सायबर कॅफे निघाले, तासावर कॉम्प्युटर मिळायला लागला, आणि चोरून छापलेल्या सीडीवरून हा खेळ गावोगाव पोचला. डेव्हिड जोन्स नावाचा जुना ब्रिटिश कमांडो एकटा पूर्व युरोपातल्या तळांवर शिरतो आणि मारत सुटतो. इंग्रजीचं अक्षर न कळणाऱ्या पोरांनी त्याच्या चौदा मोहिमा तोंडपाठ केल्या. मोहिमेच्या मधे थांबून खूण ठेवायची सोय त्यात नव्हती. शेवटच्या दारात मेला तरी पुन्हा पहिल्या फाटकापासून. आपल्या पोरांना त्यात काही वावगं वाटलं नाही. वाशी-भूमकडून आईबापाबरोबर ऊसतोडीला जाणारं लेकरू शाळेत दर वर्षी पहिल्या फाटकापासूनच सुरू करत असतं.

मग फोन आला. त्यावर सिंगापूरच्या गरेना कंपनीचा ‘फ्री फायर’ आला, २०१७ साली. हलका, फुकट, कमी ताकदीच्या फोनवरही चालणारा. त्यात माणूस पाठीमागून दिसतो एवढाच फरक. पण भूक त्यालाही नाही. १४ फेब्रुवारी २०२२ ला सरकारनं त्याच्यावर बंदी घातली, आणि त्याचाच भाऊ ‘फ्री फायर मॅक्स’ चालू राहिला. बंदी कशी असते ते ह्यावरून समजून घ्या.

एक गोष्ट सरळ सांगून टाकतो. ह्या खेळांचा भडकपणा मला खुपत नाही. तमाशा भडक असतो, जत्रेतला सिनेमा भडक असतो, आपली कविता तर त्यांना पहिल्या दिवसापासून भडकच वाटली. ज्यांची भाषा साजूक तुपातली, त्यांना आपला साधा आवाजही आरडाओरडा वाटतो. स्वस्त असणं हाही गुन्हा नाही. आपण सगळेच स्वस्तात वाढलो. माझं भांडण आहे ते त्यात जे गाळलंय त्याच्याशी.

०

पण त्याआधी दुसऱ्या एका टोळीचा हिशेब करू. ती म्हणजे उपदेशकांची टोळी. मास्तर, कीर्तनकार, संपादक, मंत्री. ह्यांचं एकच तुणतुणं. मोबाईलच्या खेळांनी पोरं बिघडली, हिंसक झाली, हातातून गेली.

असं? २७ जुलै १९७८ ला विधिमंडळानं मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव केला आणि मराठवाड्यात वस्त्या पेटल्या. तेव्हा कोणत्या गावात कोणत्या पोरानं कोणता खेळ खेळला होता? तेव्हा टीव्हीसुद्धा गावात नव्हता. काडी ओढणाऱ्या हातांना कुणी कॉम्प्युटरवर सराव दिला नव्हता. मे २०१५ मध्ये शिर्डीत एका दलित तरुणाच्या फोनवर बाबासाहेबांच्या गाण्याची रिंगटोन वाजली, त्यावरून वाद झाला आणि त्याला मारून टाकलं. त्या फोनमधून बंदुकीचा आवाज आला नव्हता, गाणं आलं होतं. हिंसा शिकायला ह्या देशाला टेक्सासची गरज नाही. आपल्याकडं त्याची घराणी आहेत.

आणि मंत्र्यांचं काय सांगता? जुलै २०२५ मध्ये राज्याचे कृषिमंत्री विधान परिषदेत बसून मोबाईलवर रमी खेळत असल्याची चित्रफीत सगळ्या महाराष्ट्रानं बघितली. आपण खेळत नव्हतो, असं ते म्हणाले. मग त्यांचं कृषी खातं गेलं आणि त्यांना खातं मिळालं क्रीडा! दोस्तांनो, हा विनोद मी रचलेला नाही. ज्या जिल्ह्यात दर दुष्काळाला शेतकऱ्यांची प्रेतं मोजावी लागतात, त्या धाराशिवच्या माणसानं हसावं का रडावं? पुढच्याच महिन्यात, ऑगस्ट २०२५ मध्ये, संसदेनं कायदा केला. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणि ई-स्पोर्ट्सला सरकारी आशीर्वाद. जुगार बंद केला, चांगलं केलं. पण बंदुकीचा खेळ आता ‘क्रीडा’ झाला, हेही ध्यानात ठेवा. उद्या ह्याच उपदेशकांतला एखादा त्याच्या स्पर्धेची फीत कापायला येईल.

उपदेशकाला पोराच्या हातातला फोन दिसतो, पोराच्या समोरची भिंत दिसत नाही. म्हणून त्याचं ऐकू नका. पण त्याचं ऐकायचं नाही म्हणजे कंपनीचं ऐकायचं, असंही नाही.

०

पोरं का खेळतात? खरं बोलू.

तिथं आडनाव विचारत नाहीत. गावात घर कुठल्या अंगाला, हे विचारत नाहीत. पॅराशूटनं आभाळातून उडी टाकली की सगळे सारखेच मोकळ्या हातानं जमिनीवर येतात. टोळीत चौघं. एक लातूरचा, एक बिहारचा, एक कुठला कोण जाणे. तुला गोळी लागली, तू पडलास, तर त्यातलाच एक अनोळखी गडी गोळ्यांच्या पावसात येऊन तुझ्याजवळ गुडघ्यावर बसतो आणि तुला हात देऊन उठवतो. तो तुझी जात विचारत नाही. विचार करा, ज्या पोरानं बापाला गावच्या पारावर चप्पल हातात घेऊन जाताना बघितलं, त्या पोराला हे काय वाटत असेल? त्याला कुणी ‘व्यसनी’ म्हटलं की माझ्या पायाची आग मस्तकाला जाते. व्यसन नाही रे बाबा, तहान आहे ती.

पण ती तहान भागते का? माईक चालू कर आणि दोन वाक्यं बोल. बोलीवरून ओळखतात. मग जी शिवी येते, ती जातीचीच येते. आणि जो कालपर्यंत मोकळ्या हातानं उतरत होता, तो आज पैसे टाकून बंदुकीला रंगीत कातडं घालून येतो. ‘फ्री फायर’मध्ये ह्या पैशाला नाव आहे हिरे. हिरे घ्या, कातडं घ्या, आणि ते कातडं नुसतं शोभेचं नाही, ते चढवलं की बंदूक जास्त जोरात मारते नाहीतर जास्त भरभर मारते. म्हणजे जन्मानं नाही तर पैशानं, पण वरचा-खालचा तिथंही लागला. सावकार तिथंही आधीच जाऊन बसलेला. बापाच्या फोनवरून, बापाच्या मजुरीतून पोरगं हिरे घेतं, आणि बापाला कळतं तेव्हा खात्यात किराण्यापुरतेही उरलेले नसतात.

बहिणीचं तर नावच काढू नका. ‘प्रथमपुरुष’ हा शब्द किती खरा आहे बघा. पुरुषच. फोन आधी भावाच्या हातात, मग जमलं तर तिच्या. तिच्या हातात हंडा. तिचे हात कुठल्या पडद्यावर वर येतात?

०

आता गाळलेल्या गोष्टींकडं येतो.

पहिली गोष्ट वजनाची. मी गोदीतला माणूस, मला वजन कळतं. पडद्यावरच्या बंदुकीला वजन नसतं. आपल्या जिल्ह्यातली खरी बंदूक ऐका. अहमदनगरला १५४९ साली एक तोफ ओतली. पंचावन्न टनांची. तोंड कसं, तर जबडा वासलेला सिंह आणि त्याच्या दाढेखाली हत्ती. तेव्हाचा भडक माल! नाव ‘मलिक-ए-मैदान’, मैदानाचा राजा. ही तोफ आपल्या परंड्याच्या किल्ल्यावर होती. १६३२ साली ती विजापूरला नेली. चारशे बैल, दहा हत्ती आणि शेकडो माणसं लागली असं सांगतात. आज विजापूरला गेलात तर तोफ ओतणाऱ्या कारागिराचं नाव कोरलेलं मिळेल, बादशहाचं मिळेल. परंड्यापासून दोर ओढत गेलेल्या शेकड्यांतल्या एकाचंही मिळणार नाही. किती जण चाकाखाली आले, कुणाचे खांदे निखळले, त्यांना वाटेत भाकरी कुणी दिली का, काही नाही. तोफेचा इतिहास आहे, ओढणाऱ्याचा नाही.

बंदुकीच्या खेळानं हेच केलं, फक्त जास्त सफाईनं. त्यानं ओढणारा माणूसच पुसून टाकला. आता तोफ आपोआप येते.

दुसरी गोष्ट कामाची. ‘कॉल ऑफ ड्यूटी’ नावाच्या प्रसिद्ध खेळात २००७ पासून एक मैदान आहे, नाव ‘शिपमेंट’. फोनवरच्या खेळातही ते आहे. लहानसं चौकोनी आवार आणि त्यात उभे-आडवे कंटेनर. त्यांच्या मागं लपायचं, फटीतून बाहेर यायचं, मारायचं, मरायचं. पोरांना हे मैदान भारी आवडतं, कारण तिथं दम खायला जागा नाही. मी ते बघितलं आणि मला पहिला प्रश्न पडला तो असा की हे कंटेनर इथं ठेवले कुणी? वीस फुटी रिकामा डबासुद्धा दोन टनांच्या वर असतो. त्याला चार कोपऱ्यांत कुलपं बसवावी लागतात, लांब लोखंडी कांब्यांनी जहाजाशी आवळावा लागतो, तो सुटला तर खाली उभा असलेल्याचा चिखल होतो. हे रोज कुणीतरी करतं. रात्रपाळीत, पावसात, कंत्राटावर. खेळातल्या त्या आवारात एकही हमाल नाही. क्रेनवाला नाही, कांबी आवळणारा नाही, चहावाला पोऱ्या नाही. डबे आहेत, माल आहे, आणि मारेकरी आहेत. कामगार गायब. भांडवलदाराला पडणारं सगळ्यात गोड स्वप्न हेच असणार, गोदी आहे पण गोदी कामगार नाही.

आणि तू, जो उद्या बारावी नापास होऊन माझ्याच शेजारी ह्या गोदीत उभा राहणार आहेस, तू आज त्या डब्यामागं बसून तुझ्याच कामाच्या जागेत माणसं मारायची तालीम करतोयस.

०

तिसरी गोष्ट पोटाची. इथं मला भगतसिंग आठवतो, आणि डोकं फिरतं.

२००२ साल. त्या वर्षी बाजारात भगतसिंगाचं पीक आलं होतं. ७ जूनला एकाच दिवशी त्याच्यावरचे दोन हिंदी सिनेमे लागले. त्याच वर्षी ‘मिताशी’ ह्या आपल्या देशी कंपनीनं कॉम्प्युटरवर खेळायचा ‘भगतसिंग’ विकायला काढला. परदेशी गोळीबारी खेळांचीच देशी, स्वस्तातली नक्कल. पडद्याच्या खालच्या कडेतून दोन हात, हातात बंदूक. हात भगतसिंगाचे, समोर इंग्रजांचे पोलीस. मारा.

आता हिशेब लावा. खऱ्या भगतसिंगानं किती माणसं मारली? १७ डिसेंबर १९२८ ला लाहोरला साँडर्सवर गोळ्या झाडल्या. पहिली गोळी आपल्या खेडच्या राजगुरूची. पाठलाग करणारा हवालदार चंद्रशेखर आझादांच्या गोळीनं पडला. बस्स. पुढं ८ एप्रिल १९२९ ला भगतसिंग आणि बटुकेश्वर दत्त दिल्लीच्या कायदेमंडळात बॉम्ब टाकायला गेले, ते कुणी मरू नये अशा बेतानं. बॉम्ब रिकाम्या जागी टाकले, पत्रकं उधळली आणि पळून न जाता उभे राहून अटक करून घेतली. बॉम्ब कशावर होता? दोन विधेयकांवर. एक माणसाला बिनचौकशी दाबायची सोय करणारं सार्वजनिक सुरक्षा विधेयक. दुसरं कामगारांच्या संपाला बेडी घालणारं औद्योगिक कलह विधेयक. ऐकलंत का गोदीवाल्यांनो, गिरणीवाल्यांनो? तो आवाज तुमच्या संपाच्या हक्कासाठी काढलेला होता. आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या कामगार संहितेत संपाआधी किमान चौदा दिवसांची नोटीस सगळ्या उद्योगांना सक्तीची झाली, तेव्हा भगतसिंगाचे फोटो लावणाऱ्या किती जणांनी तोंड उघडलं?

पण मी पोटाचं सांगत होतो. तुरुंगात गेल्यावर भगतसिंगाकडं बंदूक नव्हती. मग त्यानं हत्यार काय उचललं? पोट. राजकीय कैद्यांना माणसासारखं अन्न द्या, पुस्तकं द्या, वर्तमानपत्रं द्या, ह्यासाठी १९२९ साली त्यांनी उपोषण मांडलं. त्यात जतीन दास त्रेसष्टाव्या दिवशी, १३ सप्टेंबर १९२९ ला मेले. वय चोवीस. कोवळ्या वयातल्या पोरांनी सगळ्या साम्राज्यासमोर आपलं रिकामं पोट ठेवलं आणि साम्राज्याला घाम फुटला. ही खरी लढाई. आणि खेळ काढणाऱ्यानं नेमकं काय कापलं? पोट कापलं. भुकेच्या जोरावर लढलेल्या माणसाला त्यानं भूक नसलेला करून टाकला.

दुसरं काय कापलं? तोंड कापलं. जून १९२८ च्या ‘किरती’ मासिकात ‘विद्रोही’ ह्या नावानं अस्पृश्यांच्या प्रश्नावर एक लेख आला. तो भगतसिंगाचा. त्यात त्यानं अस्पृश्यांना सांगितलं की दुसऱ्याच्या तोंडाकडं बघू नका, स्वतः संघटित व्हा, खरे कष्टकरी तुम्हीच आहात. तो फासावर गेल्यावर बाबासाहेबांच्या ‘जनता’नं १३ एप्रिल १९३१ ला त्या तिघांवर अग्रलेख लिहिला, ‘तीन बळी’. हे तोंड, ही लेखणी, तुरुंगातली ती पुस्तकं कुठल्या खेळात आहेत? बोलणारा भगतसिंग विकायला अवघड. हात आणि बंदूक विकायला सोपी.

साल्यांनो, तुम्ही त्याला फाशी दिली नाही हे खरं. तुम्ही त्याचं मुंडकं आणि पोट छाटून फक्त हात दुकानात टांगले.

०

चौथी गोष्ट नेमाची. बंदूक तुझ्या हातात आहे, पण नेम कुणाचा?

२ सप्टेंबर २०२० ला सरकारनं पब्जीवर बंदी घातली. दोनच दिवसांनी, ४ सप्टेंबरला, सिनेमातला नट अक्षय कुमार पुढं आला आणि देशी खेळाची घोषणा झाली. नाव ‘फौ-जी’. निव्वळ उत्पन्नातले वीस टक्के ‘भारत के वीर’ निधीला देणार म्हणाले. २६ जानेवारी २०२१ ला, प्रजासत्ताकाचा मुहूर्त साधून, खेळ बाजारात. पहिला भाग गलवान खोऱ्याचा, जिथं जून २०२० मध्ये आपले वीस जवान मेले. आठ महिनेही झाले नव्हते. त्या पहिल्या भागात तर बंदूकही नव्हती, नुसते गुद्दे आणि दांडकी. समोरून एकामागून एक सारख्याच तोंडाचे शत्रू येतात, ते लोळवायचे. मेलेल्या जवानांच्या घरी चूल कशी पेटते, हे त्यात नाही. त्यातले किती शेतकऱ्यांचे, किती मजुरांचे पोर होते, हेही नाही. वीस टक्के निधीला. उरलेल्या ऐंशी टक्क्यांचं काय, असं विचारलं की तू देशद्रोही.

खेळ म्हणजे नेम शिकवायची शाळा आहे. ह्या शाळेत शत्रू आधीच ठरलेला असतो. कधी तो राक्षस, कधी पूर्व युरोपातला पहारेकरी, कधी चिनी शिपाई. पण पोराच्या पोटात जो राग साठलाय, तो ह्यातल्या कुणावरच नाही. तो उचल देऊन वर्षभर बांधून ठेवणाऱ्या मुकादमावर आहे, आठव्या तासानंतरची हजेरी न मांडणाऱ्या कंत्राटदारावर आहे, शाळेत मागच्या बाकावर बसवणाऱ्या मास्तरवर आहे. तो राग खरा आहे आणि दामदुप्पट भावाचा आहे. कंपनी काय करते? तो राग रात्री फुकटात गोळा करते, खोट्या माणसावर रिकामा करायला लावते, आणि सकाळी पोरगं निमूटपणे, डोळे चोळत, त्याच मुकादमासमोर उभं राहतं. मुकादमाला ह्याहून जास्त काय पाहिजे?

मी असं म्हणत नाही की खेळात मुकादमाला उभा करा आणि गोळ्या घाला. ती पुन्हा तीच थाप झाली, बंदुकीनं सुटणाऱ्या प्रश्नाची. मुकादम मेला तर दुसरा मुकादम येतो, ‘आयजीआय’मध्ये भोंगा वाजला की बराकीतून शिपाई निघतच राहतात तसा. बराक बंद करावी लागते. ते एकट्या बंदूकवाल्याचं काम नाही. ह्या खेळांची सगळ्यात मोठी थाप तीच आहे, ‘एकटा’. एकट्यानं कुणी तळं मोकळं केलं नाही, एकट्यानं कुणी संप केला नाही.

०

मग करायचं काय? फोन फोडायचा? नाही. फोन आपल्या घामाचा आहे.

एक, खेळा, पण डोळे उघडे ठेवून. प्रत्येक खेळाला तीन प्रश्न विचारा. ह्यात काम कोण करतं? ह्यात मरतो तो कोण, आणि तोच का? पैसे कुणाकडं जातात? ज्या पोराला हे तीन प्रश्न विचारता येतात, त्याला कुणी भाड्यानं घेऊ शकत नाही.

दोन, बनवायला शिका. हे काही देवाघरचं काम नाही. ‘डूम’ ज्या संगणकी आज्ञांवर चालतो त्या त्याच्या मालकांनीच १९९७ साली सगळ्यांसाठी खुल्या केल्या. जगभरच्या पोरांनी त्या उघडून, उलट्या-पालट्या करून काम शिकून घेतलं. खेळ बांधायचं ‘गोडो’ आणि चित्रं घडवायचं ‘ब्लेंडर’ ही दोन्ही हत्यारं आज फुकट आहेत, खुली आहेत, त्यांच्यावर कुणाची पाटीलकी नाही. लागतो एक कॉम्प्युटर, वीज आणि चिकाटी. चिकाटी आपल्याकडं आहे. कॉम्प्युटरसाठी मी एक कडू बोलतो, रागवा पाहिजे तर. १४ एप्रिलला एका रात्रीच्या डीजेला जे भाडं मोजता, त्यात वस्तीच्या विहारात जुना पण चालता कॉम्प्युटर येतो. पोरींसाठी वेळ राखून ठेवा आणि मग बघा.

तीन, गाळलेलं परत आणा. असा खेळ करा ज्यात बंदूक उचलली की पळता येत नाही, कारण ती जड आहे. असा करा ज्यात कोपऱ्यात जीव मोजायचा आकडा नाही, पोट मोजायचा आकडा आहे, आणि त्रेसष्ट दिवस तो खाली खाली जाताना बघायचाय. परंड्याची तोफ ओढायचा खेळ करा, दोराच्या बाजूनं. ‘शिपमेंट’ करा, पण त्यात रात्रपाळीची टोळी असू द्या. बाहेरचे बंदूकवाले आत शिरले की टोळीनं क्रेन बंद करायची आणि सगळ्यांनी एकाच वेळी हात खाली सोडायचे. कसबे तडवळ्याचा करा. आपल्याच जिल्ह्यातलं गाव, फेब्रुवारी १९४१ मध्ये बाबासाहेब तिथं महार-मांगांच्या परिषदेला आले होते. तिथवर माणसं कशी पोचली, भाकऱ्या कुणी बांधल्या, कुणाच्या वतनदारानं वाट अडवली, हे म्हाताऱ्यांच्या घरात अजून शिल्लक असलेल्या आठवणींतून गोळा करा. ते म्हातारे फार दिवस थांबणार नाहीत.

आणि महाडचा करा. २० मार्च १९२७. पडद्याच्या खालच्या कडेतून दोन हात वर येऊ द्या. बंदूक नको. ओंजळ. ओंजळीत तळ्याचं पाणी. मागं-पुढं हजारो माणसं, कुणीच एकटं नाही. पाणी तोंडाशी न्यायचं, एवढीच मोहीम. आणि पाणी पिऊन झाल्यावर दगड घेतलेले जे लोक धावून येतात, त्यांच्यासमोर काय करायचं ते खेळणाऱ्यानं ठरवू दे.

ज्या पोरापोरींना कॉम्प्युटरची अक्षरं येतात त्यांनी ज्यांना येत नाहीत त्यांना धरून बसवा. येत्या उन्हाळ्याच्या सुट्टीत सुरुवात करा. मोडकं निघालं तरी चालेल, भडक निघालं तरी चालेल. फक्त त्यातल्या माणसाला पोट असू द्या.